लहान कुरणातली कातरणी

अल्पाकाची लोकर झडत नाही, वाढतच राहते. एक वर्ष कातर लावली नाही तर ती डोळ्यांवर उतरते, पोटाखाली चिखल आणि काडीकचरा धरते. दोन वर्षं गेली की तिचे गठ्ठे होतात, खालची कातडी ओलसर राहू लागते आणि जूनमधल्या पहिल्या कडक उन्हात जनावर आतल्या आत तापून बसकण मारतं. यात त्याचा काही दोष नाही. माणसानेच हजारो वर्षं निवडून निवडून त्याला असं घडवलं आहे. त्याचा रानटी पूर्वज विकुन्या अँडीजच्या पठारावर आजही कुणाच्या कातरीविना जगू शकतो; अल्पाकाला ते जमत नाही. म्हणून ज्याने आपल्या कुरणात अल्पाका आणला, त्याने वर्षातला एक दिवस त्या जनावराच्या नावे लिहून दिलेला असतो. फिरायला नेणं, मुलांची हौस, लोकरीचे मोजे हे सगळं त्यानंतरचं. या पुस्तकाचा सारा भर या एका गोष्टीवर आहे, म्हणून ती सगळ्यात आधी सांगितली.

नेदरलँड्समध्ये अल्पाका आता नवलाचा राहिलेला नाही. ख्रोनिंगेनपासून लिम्बुर्खपर्यंत कुठल्याही प्रांतात गाडीने जाताना रस्त्याकडेच्या कुरणात दोन घोडे, काही बुटक्या शेळ्या आणि त्यांच्यामागे चार-पाच लांब मानेची, कान टवकारलेली जनावरं दिसतात. शेतजमीन विकली गेली आणि राहतं घर, गोठा व मागचं अर्धा-एक हेक्टर कुरण तेवढं उरलं, अशी घरं या देशात पुष्कळ आहेत. शेतीवर पोट नाही पण जनावराशिवाय करमत नाही, अशा माणसाला इथे होबीबूर म्हणतात. त्याला अल्पाका सोयीचा वाटतो. पायाला खूर नसून मऊ गादी असल्यामुळे कुरण उकरलं जात नाही. सगळा कळप ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. जनावर शांत असतं, खातं बेताचं. ॲम्स्टेलवेन आणि आइंडहोवनच्या कितीतरी मराठी कुटुंबांनी मुलांना घेऊन अल्पाकाबरोबर फेरी मारलेली आहे. त्यांतली काही शहराबाहेर घर घेऊन स्वतःच पाळू लागली. आम्ही त्यांतलेच. हे पुस्तक मराठीत निघण्याचं कारणही तेच: हौसेने जनावर आणलं, पण त्याच्या मागची विद्या मायबोलीत कुठेच सापडत नव्हती.

ती विद्या फार जुनी आहे. पेरूच्या उंच पठारावर, हुनीन भागातल्या तेलारमाचाय नावाच्या खडकाळ निवाऱ्यात सापडलेल्या हाडांवरून अल्पाका माणसाळण्याचा काळ सहा-सात हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. अल्पाका लामापासून निघाला की विकुन्यापासून, हा वाद बराच काळ चालला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने कौल विकुन्याच्या बाजूने दिला. इंका राज्यात लोकर ही संपत्ती होती. कुम्बी नावाचं तलम कापड सोन्याहून मोलाचं मानलं जाई आणि सरकारी कोठारांत साठवलं जाई. रानटी विकुन्यांना शेकडो माणसांची साखळी करून घेरायचं, लोकर काढायची आणि पुन्हा सोडून द्यायचं, ही ‘चाक्कू’ नावाची प्रथा तेव्हाची. ती आजही पेरूत चालते.

पेरूच्या दक्षिणेला एल याराल इथे नऊशे-हजार वर्षांपूर्वी पुरलेले लामा आणि अल्पाका कोरड्या हवेत जसेच्या तसे टिकून राहिले. जेन व्हीलर या संशोधिकेने त्यांची लोकर तपासली तेव्हा ती आजच्या बहुतेक कळपांपेक्षा बारीक आणि एकसारखी निघाली. म्हणजे स्पॅनिश आक्रमणाआधीच्या पशुपालकांची निवड आपल्यापेक्षा सरस होती. सोळाव्या शतकात इंका राज्याबरोबर कळप बुडाले, कळप राखणारी माणसंही मेली, आणि कोणतं जनावर कशासोबत लावायचं हे ठाऊक असलेली परंपरा तुटली. उरलेल्या अल्पाकांना मेंढ्यांनी आणखी वर, गवत विरळ होतं तिथे ढकललं. आज पेरूत पस्तीस-चाळीस लाख अल्पाका आहेत आणि त्यांतले बहुतेक चार हजार मीटरच्या आसपास राहणाऱ्या गरीब कुटुंबांचे आहेत. आपल्या कुरणात आलेलं जनावर कुणाच्या कष्टावर उभं आहे, हे विसरता कामा नये.

युरोपला या लोकरीची ओळख पटायला १८३६ साल उजाडावं लागलं. ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्टला लिव्हरपूलच्या गोदामात कुणी न घेतलेली अल्पाकाची पोती दिसली. त्याने सुती ताण्यावर अल्पाकाचा बाणा घालून चमकदार कापड विणलं आणि त्यावर एवढा पैसा मिळवला की १८५३ मध्ये सॉल्टेअर हे गिरणीगावच उभं केलं. मग युरोपीय लोकांना लोकरीबरोबर जनावरही हवंसं झालं. चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने बंदी मोडून कळप अँडीजपार हाकला आणि १८५८ मध्ये अडीचशेच्या वर जनावरं सिडनीला उतरवली. काही वर्षांत तो प्रयोग बारगळला. याच लेजरने पुढे सिंकोनाचं बी डच सरकारला विकलं. त्यावर जावातले मळे उभे राहिले आणि जगाच्या क्विनीनवर डचांचा ताबा आला. ते बी जमवणारा त्याचा आयमारा सोबती मानुएल इंक्रा मामानी मात्र तुरुंगातल्या मारहाणीमुळे दगावला. अँडीजमधून बाहेर गेलेल्या वस्तूंच्या इतिहासात असं एखादं नाव बहुतेक वेळा तळाशी सापडतं.

अल्पाका खऱ्या अर्थाने अँडीजबाहेर पसरला तो १९८० च्या दशकात, आधी अमेरिकेत, मग ऑस्ट्रेलियात, आणि त्यानंतर युरोपात. अमेरिकेत किमती अशा चढल्या की लोक लोकरीसाठी नव्हे, पुढच्या गिऱ्हाइकाला विकण्यासाठी जनावरं घेऊ लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सेटोन आणि सेक्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ च्या आपल्या लेखात हा फुगा आहे असं स्पष्ट लिहिलं आणि पुढे तो फुटला. पुष्कळ जनावरं बेवारशी झाली. या अनुभवानंतर पाळणाऱ्यांत तीन वाटा पडल्या. एक पैदास आणि प्रदर्शनांची, जिथे रक्तरेषा आणि पदकं मोजतात. दुसरी लोकरीची: तंतूची मायक्रॉनमधली जाडी, लांबी, एकसारखेपणा. तिसरी सहवासाची: फेऱ्या, शाळा, आजारी आणि वृद्धांसाठीची झोर्खबूर्डरै म्हणजे शुश्रूषा-शेतं. नेदरलँड्समध्ये तिसरी वाट सर्वांत रुंद आहे. माझं मत असं की तिसऱ्या वाटेच्या माणसाला दुसरीची विद्या आलीच पाहिजे. सोबत करणाऱ्या जनावरालाही लोकर येतेच.

इथे एक अडचण आहे. ज्या देशात हे जनावर आलं, तो देश लोकर विसरलेला आहे. लायडनचं लाकन हे लोकरी कापड एके काळी युरोपभर जाई. प्रत्येक ठाणाची तपासणी होऊन त्यावर शिशाचा शिक्का बसे. १६४० च्या सुमारास बांधलेली कापडतपासणीची इमारत आज दे लाकनहाल हे संग्रहालय आहे. रेम्ब्रांटने १६६२ मध्ये रंगवलेले, रेइक्सम्युझेअममध्ये टेबलाभोवती बसलेले ते काळ्या टोप्यांतले गृहस्थ कापडाचा दर्जा तपासणारे अधिकारीच आहेत. टिलबुर्खमध्ये तर लोकर धुण्यासाठी लघवी लागे आणि लोक ती घरोघरी मडक्यात साठवून गिरण्यांना देत. त्यावरून पडलेलं नाव ते गाव आज कार्निव्हलमध्ये अभिमानाने मिरवतं. त्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडल्या. आता डच मेंढीच्या लोकरीला जो भाव मिळतो त्यातून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. लोकर ओळखणारे हात गेले, आणि मग पेरूतून जगातली उत्तम लोकर अंगावर घेऊन अल्पाका आला. परिणाम उघड आहे: पुष्कळ कुरणांत ती पोत्यात भरून माळ्यावर टाकली जाते आणि तिला कसर लागते.

मराठी वाचकाला हे दुःख परकं वाटणार नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, चाळीस मायक्रॉनच्या पुढची; पण तिच्यावर एक अख्खं जग उभं होतं. कातरणीच्या आधी मेंढ्या ओढ्यात धुवायच्या, शेजारच्या वाड्यांवरून माणसं मदतीला यायची, त्यांना जेवू घालायचं. त्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन सनगर खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणायचे. कोल्हापूरकडे लोकर दाबून जेन बनवत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर आजही लोकर उधळली जाते. पण घोंगडीला गिऱ्हाईक राहिलं नाही, मेंढी मटणापुरती उरली आणि लोकर रानात टाकून दिली जाऊ लागली. दख्खनच्या माळावर आणि डच पोल्डरमध्ये एकच गोष्ट घडली. फरक इतकाच, की धनगराला कातर धरता येते. अल्पाका पाळणाऱ्या नोकरदाराला ती येत नाही, आणि म्हणून तो मे महिन्यात गाडी घेऊन येणाऱ्या परक्या माणसावर सर्वस्वी अवलंबून असतो.

तो माणूस काय करतो? जगात कातरणीच्या मुख्यतः चार रीती आहेत. अँडीजमध्ये पाय बांधून जनावर जमिनीवर आडवं करतात, दोघे धरतात, तिसरा कातरतो. कातरीच्या जागी आता बरेच ठिकाणी यंत्र आलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची रीत मेंढ्यांच्या कातरणीतून निघाली. तिथे फ्रेडरिक वुल्झलीने १८७७ मध्ये यंत्रकातरीचं पेटंट घेतलं, १८८८ मध्ये डनलॉप स्टेशनवर अख्खा हंगाम यंत्राने कातरला गेला आणि गॉडफ्री बोवेनने १९५३ मध्ये नऊ तासांत ४५६ मेंढ्या कातरून हाताच्या लांब, सलग फटक्याचं शास्त्र जगाला शिकवलं. पण मेंढी बुडावर बसवली की निमूट राहते, तसा अल्पाका राहत नाही. म्हणून पुढचे आणि मागचे पाय दोन दोरांत घेऊन त्याला चटईवर आडवा ताणतात. तिसरी रीत कलत्या टेबलाची: जनावर टेबलाला टेकवायचं, पट्टे बांधायचे, टेबल आडवं करायचं. यात कातरणाऱ्याची कंबर वाचते. चौथी उभ्यानेच कातरण्याची. ती शांत, हाताळलेल्या जनावरालाच जमते आणि वेळ खाते.

कुठली बरी यावर तावातावाने वाद होतात. माझ्या मते घाबरणाऱ्या जनावराला उभं ठेवून तासभर छळण्यापेक्षा जाणत्या हाताने दोरात घेऊन दहा मिनिटांत सोडणं अधिक दयेचं आहे. ताणलेला दोर पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो, हे मान्य. पण हलणाऱ्या पोटावर तीक्ष्ण दात फिरण्यापेक्षा तो धक्का बरा.

जाणता हात कसा चालतो ते जवळून पाहावं. आदल्या रात्री कळप गोठ्यात कोरडा ठेवलेला असतो, कारण ओली लोकर यंत्रात अडकते आणि पोत्यात कुजते. पोटही फार भरलेलं नसतं. पांढरी जनावरं आधी, मग तांबूस, तपकिरी, शेवटी काळी. एक काळा केस पांढऱ्या लोकरीत शिरला तर सुतात तो शेवटपर्यंत दिसतो. जनावर आडवं झालं की एकजण गुडघ्यावर बसून त्याची मान आणि डोकं दोन्ही हातांनी धरतो. थुंकीतला हिरवट चोथा अंगावर उडू नये म्हणून तोंडावर जुना मोजा चढवतात. यंत्र सुरू होतं. पहिला फटका पोटाच्या कडेने, मग एकामागून एक पाठीच्या कण्याकडे. लोकर बाहेरून मळकट, धुळीची असते, आणि कातर फिरली की आतून ओल्या वाळूसारखी चकाकती, बारीक नागमोडी वळणांची बाजू उलगडत जाते. पाठीवरचा हा सर्वांत चांगला भाग एकसंध सुटतो आणि दुसरा माणूस तो लगेच उचलून नेतो. मानेची लोकर वेगळ्या पिशवीत, पाय आणि पोटाची भरड तिसऱ्या पिशवीत. प्रत्येकीवर जनावराचं नाव आणि साल. काखेत, जांघेत, सडांपाशी आणि कानाच्या टोकाला कातडी पातळ व सैल असते. तिथे कातरणाऱ्याचा डावा हात कातडी ताणून धरतो आणि उजवा जवळजवळ थांबतो. कातरणाऱ्याची पारख करायची तर याच चार जागी करावी. अल्पाकाच्या लोकरीला मेंढीसारखी चरबी नसते, धूळ मात्र भरपूर असते. त्यामुळे यंत्राचे दात पटकन बोथट होतात आणि तापतात. जो मध्येच थांबून तेल घालतो, दात बदलतो आणि पातं आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला लावून किती तापलं ते पाहतो, त्याला पुढच्या वर्षीही बोलवावं.

जनावर आडवं आहे तोवर बाकीची कामं उरकतात: नखं कापणं, पुढचे वाढलेले दात घासणं, लस, आणि पाठीच्या कण्यावर हात ठेवून अंगावर मांस किती ते पाहणं. लोकरीखाली रोडावलेलं जनावर वर्षभर कुणाला कळत नाही. मग त्याला सोडतात. ते उठतं, अंग झटकतं, आणि निम्म्या आकाराचं होऊन कळपात परत जातं तेव्हा बाकीचे त्याला नव्याने हुंगतात.

या दिवसाचं महत्त्व गेल्या काही वर्षांत वाढलं आहे. २५ जुलै २०१९ रोजी खिल्झ-रैयन इथे ४०.७ अंश तापमान नोंदलं गेलं. या देशात पारा चाळिशीपार जाण्याची ती पहिलीच वेळ. अल्पाका थंड, कोरड्या, उन्हाच्या पठारावरचा. इथे तो समुद्रसपाटीच्या खालीही राहतो, ओल्या गवतात यकृतकृमीशी झुंजतो, आणि हिवाळ्यात ऊन नसल्याने त्याला ड जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं. त्यात उशिरा कातरणी झाली तर उष्माघात ठरलेला. फार लवकर केली तर मेमधली थंड पावसाची रात्र बाधते. डच माळी ११ ते १४ मे हे आइसहेलिखनचे दिवस उलटल्यावरच नाजूक रोपं बाहेर काढतात. कातरणीलाही तोच हिशेब बरा. सप्टेंबर २०२३ पासून ब्लूटंगची नवी साथ या देशात आली. ती चिलटासारख्या बारीक माश्यांनी पसरते, मेंढ्यांची तिने दाणादाण उडवली, आणि उंटाच्या कुळातली जनावरंही तिच्यातून सुटत नाहीत. एप्रिल २०२१ पासून युरोपीय पशुआरोग्य कायदा लागू झाला, तेव्हापासून दोन अल्पाका पाळणाऱ्या घरालाही आपली जागा नोंदवावी लागते. हौस म्हणून हे नजरेआड करता येत नाही.

आणखी एक गोष्ट. २०२० मध्ये पेरूतल्या एका मोठ्या फार्मवर कातरणीच्या वेळी जनावरांना आदळणं, जखमी करणं चालल्याची चित्रफीत जगासमोर आली. बड्या कपडा कंपन्यांनी हात झटकले, आणि २०२१ मध्ये टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेने जबाबदार अल्पाका मानक जाहीर केलं. ते मानक लोकरीच्या व्यवसायासाठी आहे; आपल्या चार जनावरांच्या कुरणात तपासनीस येणार नाही. तिथे मानक म्हणजे मान धरून बसलेला मालक. त्याला काय बघायचं हे ठाऊक असलं, तर कातरणारा घाई करत नाही.

तेवढी जाण वाचकाला यावी, हाच या पुस्तकाचा उद्देश. कातर कशी चालवावी हे पुस्तक वाचून येत नाही आणि आम्ही तसा दावाही करत नाही. हा हात गुरूपाशीच बसतो. यातल्या लेखांत कातरणीच्या आधीचे अकरा महिने आहेत आणि नंतरचे काही आठवडे आहेत: कुरण, जंत, हाताळणीची सवय, लोकरीची प्रतवारी, ती धुणं, पिंजणं, कातणं. पेरूत लोकर मायक्रॉनवर तोलतात. तेवीसपर्यंत बेबी, साडेएकतीसच्या वर भरड, आणि ही निवड अरेकिपाच्या गिरण्यांत आजही बायका बोटांनी करतात. घरच्या जाळीच्या टेबलावर आपल्यालाही निदान तीन ढीग करता यावेत, इतकी अपेक्षा आहे. कॅनडातल्या बेलफास्ट मिनी मिल्सने बनवलेल्या लहान यंत्रांसारख्या सोयींमुळे आता काही किलो लोकरही गिरणीत देता येते. भरड लोकरीच्या गाद्या, बसकरं आणि झाडांच्या बुंध्याशी पसरायचा थर होतो. फेकण्यासारखं जवळजवळ काही नसतं. दख्खनी लोकरीवरचा भाग आम्ही आग्रहाने घेतला, कारण दोन्हीकडच्या पशुपालकांना एकमेकांकडून शिकण्याजोगं बरंच आहे. पैदास आणि प्रदर्शनं यांना मात्र जाणून जागा दिली नाही. त्यावर इंग्रजीत आणि जर्मनमध्ये पुष्कळ आहे.

ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी हे पुस्तक हिवाळ्यात वाचावं, मेमध्ये नव्हे. ज्यांच्याकडे अजून नाहीत त्यांना एकच विनंती: जनावर पसंत करण्याआधी कातरणी कोण करणार ते ठरवा. या देशात अल्पाका नीट कातरणारे थोडे आहेत, त्यांतले काही हंगामापुरते परदेशातून येतात, आणि दोन-तीन जनावरांच्या घराला त्यांच्या वाटेत बसवणं सोपं नसतं. शेजारच्या तीन-चार कुरणवाल्यांशी बोलून एकाच आवारात एकच दिवस ठरवा, आणि नाव डिसेंबरातच नोंदवा.